दार उघडं, मशीन चालू

तुमच्या कारखान्यातलं मशीन दार उघडल्यावर थांबतं, हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी शेवटचं कधी पाहिलंत?

'थांबणारच की, दाराला स्विच आहे' हे उत्तर मला देऊ नका. तेच उत्तर मीही देत होते. मशीन चालवणारा प्रोग्रॅम मीच लिहिला होता, तरी देत होते. पाहिलंत का, एवढंच सांगा. पाहिलं नसेल तर पुढचं वाचा.

मी राहते चंदीगडजवळ, पंजाबातल्या खरडला आणि काम करते चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात. कारखान्यातल्या मशिनांचे प्रोग्रॅम लिहायचे, हे माझं काम. मशीनच्या बाजूला एक लोखंडी पॅनल असतं, त्यात हाताच्या पंजाएवढा कंट्रोलर असतो. मशीनवरचे स्विच आणि सेन्सर त्याला बातम्या पोचवतात. पुडा आला. पट्टा फिरतोय. दार बंद आहे. या बातम्यांवरून कुठली मोटर फिरवायची, पुड्याचं तोंड दाबून बंद करणारा कुठला जबडा खाली आणायचा, ते तो ठरवतो. म्हणजे खरं तर मी ठरवते. तो मी सांगितलेलं करतो, दिवसभर, न कंटाळता. मी चुकीचं सांगितलं असेल तर तेही न कंटाळता.

माझं वाचन पत्रकांवर झालं. नाशिकला सातपूरमध्ये आमचं दोन खोल्यांचं घर होतं. अण्णा कारखान्यात प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या मशिनांवर, कामाला होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. रविवारी दुपारी जेवणं झाली की सतरंजीवर पत्रकांचे गठ्ठे सुटायचे आणि आम्ही सगळे घड्या घालायला बसायचो. छापायला देण्याआधी अण्णा मजकूर मला वाचून दाखवायचे. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. एकेका वाक्यावर थांबून विचारायचे, "कळलं का? तुला नाही कळलं तर सहाच्या पाळीला गेटवर कुणाला कळणार?" मी मान हलवली तरी त्यांचा विश्वास बसत नसे. "सांग बघू मग तुझ्या शब्दांत." मी सांगायची. अडखळले की ते वाक्य कापायचे.

घड्या घालायला एक काका यायचे. सख्खे नव्हेत, अण्णांच्या शेजारच्या प्रेसवरचे. त्यांच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी होती, मधली तीन बोटं नव्हती. ते तळहाताची कड कागदावरून एकदाच फिरवायचे आणि घडी कडक बसायची. "बघ पोरी, माझीच घडी सगळ्यात सरळ," असं म्हणून हसायचे. "मध्ये बोटं येत नाहीत ना."

त्यांची बोटं गेली त्या प्रेसला जाळीचं दार होतं. दार उघडलं की प्रेस थांबायची, आणि प्रेस थांबली की सुपरवायझर ओरडायचा. म्हणून कुणीतरी दार तारेने मागे बांधून ठेवलं होतं, आणि स्विचमध्ये लाकडाची ढलपी खोचून ठेवली होती. त्यानंतर अण्णांनी लिहिलेल्या पत्रकाचा मथळा मला अजून पाठ आहे. दार उघडं, मशीन बंद. खाली एवढंच लिहिलं होतं, की याहून कमी आम्ही काहीही मान्य करणार नाही. मला वाटायचं, जगातला सगळा अन्याय असा तारेने बांधलेला असतो. तार दिसली की तोडायची, एवढंच आपलं काम.

ऑफिसात आमचे मालक पंचावन्नच्या पुढचे, पंजाबी. वायरमन म्हणून सुरुवात करून त्यांनी स्वतःची कंपनी उभी केली. त्यांना आम्ही सर म्हणतो. पहिल्याच आठवड्यात मी जेवणाच्या सुट्टीवरून त्यांच्याशी वाद घातला, तेव्हापासून ते मला कॉम्रेड म्हणतात.

मी आले तेव्हा तिथे प्रत्येक मशीनचा प्रोग्रॅम वेगळा होता. एकच सलग लांबलचक लिखाण, लिहिणाऱ्यालाच कळणारं. लिहिणारा नोकरी सोडून गेला की त्याच्या मशीनला हात लावायला कुणी धजत नसे. मी हट्ट धरला, की याचे तुकडे करू. मोटरचा एक ब्लॉक, पट्ट्याचा एक, जबड्याचा एक. प्रत्येक ब्लॉक एकदा नीट लिहायचा, नीट तपासायचा, आणि मग हव्या त्या मशीनमध्ये हवा तसा जोडायचा. ग्राहकाला उद्या दुसरा पट्टा हवा असेल तर दुसरा ब्लॉक टाका, नको असेल तर काढा. कुणा एकावाचून काम अडणार नाही. मला त्यात एक प्रकारची लोकशाही दिसत होती, आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

"कर ले, कॉम्रेड," सर म्हणाले. "पर मशीन अगले हफ्ते जानी है. इंक़लाब उसके बाद."

आठ महिने लागले. पण झालं. जिथे नव्या मशीनला महिना लागायचा, तिथे आठवडा लागायला लागला. पोरं ब्लॉक उचलून भराभर मशिनं बांधू लागली. सर पाहुण्यांना माझ्या टेबलाशी आणून सांगायचे, "ये हमारी मराठन, इसने सब खोल के फिर से जोड़ दिया."

आता चुकीबद्दल सांगते.

ब्लॉक म्हणजे स्क्रीनवरचा एक चौकोन. त्याच्या डाव्या बाजूला बातम्या आत येण्याच्या जागा असतात, त्यांना आम्ही पिन म्हणतो. जबड्याच्या ब्लॉकला एक पिन होती, तिचं नाव 'दार बंद आहे'. दाराच्या स्विचची बातमी तिथे जोडायची. 'हो' आलं तर जबडा चालेल. 'नाही' आलं तर जागच्या जागी थांबेल.

मग एक मशीन असं आलं ज्याला दारच नव्हतं. चारही बाजूंनी पत्रा, बोल्टने आवळलेला. हात आत जायला वाट नाही, म्हणून दार नाही, म्हणून स्विच नाही, म्हणून ती पिन रिकामी. रिकामी पिन ब्लॉकला 'नाही' अशी ऐकू येते. जबडा हलेना. माझा सहकारी ग्राहकाकडे उभा, फोनवर फोन.

"दरवाज़ा है ही नहीं, तो ब्लॉक पूछता क्यों है?" सर म्हणाले.

दोन मार्ग होते. बिनदाराच्या मशीनसाठी वेगळा ब्लॉक लिहायचा, त्याला एक दिवस लागला असता. किंवा आहे त्याच ब्लॉकला सांगायचं, की पिन रिकामी असेल तर 'हो' असं धर. त्याला एक शब्द बदलावा लागत होता. मी तो शब्द बदलला. वर हिरव्या अक्षरांत टीप लिहिली, 'मशीनला दार असेल तर ही पिन जोडायला विसरू नये.' ती टीप ब्लॉक उघडून आत पाहणाऱ्यालाच दिसते. आणि ब्लॉक उघडून पाहायला लागू नये, हाच तर ब्लॉक करण्यामागचा सगळा खटाटोप होता.

त्या संध्याकाळी सगळे मला म्हणाले, वा, आता हा कुठेही बसतो. मी म्हटलं, लवचीक असायलाच हवा.

बातमी आली नाही म्हणजे धोका नाही, असं मी त्या ब्लॉकला शिकवलं. अण्णांच्या कारखान्याचा मॅनेजर शब्दशः हेच म्हणायचा. तक्रार आलेली नाही, म्हणजे सगळं ठीक आहे. त्या माणसावर आमच्या घरात किती पत्रकं निघाली होती!

पुढचं दीड वर्ष फक्त कौतुकाचं गेलं. ग्राहकांचे फोन यायचे, "मैडम, आपकी मशीन तो रुकती ही नहीं." सर समोसे मागवायचे. मीही खायची. आमच्या धंद्यात मशीन शंभर कारणांनी थांबतं, आणि त्यांतलं सर्वांत रोजचं कारण म्हणजे दार. कधीच न थांबणारं मशीन ऐकून मला भीती वाटायला हवी होती. तेव्हा छान वाटलं.

गेल्या जानेवारीत मी पंचकुल्याच्या एका कारखान्यात गेले. काम किरकोळ होतं, मशीनच्या स्क्रीनवरचे शब्द इंग्रजीतून हिंदीत करायचे होते. सकाळचे अकरा वाजले होते, तरी धुकं उठलं नव्हतं. शेडच्या खिडक्या पांढऱ्या दिसत होत्या, जणू बाहेर काहीच शिल्लक नाही. आत साबणाच्या पावडरचा वास, आणि आमची दोन मशिनं शेजारी शेजारी. एक जुनं, माझ्या येण्याआधीचं. एक नवं, माझ्या ब्लॉकांवर चालणारं. दोन्ही पुडे बंद करणारी. पट्ट्यावरून पुडा येतो, सेन्सरला दिसतो, आणि गरम जबडा खाली येऊन त्याचं तोंड चिकटवतो. जबड्यापुढे पारदर्शक दार.

नव्या मशीनवर एक बाई होत्या. वय पस्तिशीच्या आसपास, शाल पाठीमागे गाठ मारून बांधलेली. पुडा वाकडा आला की त्या हात आत घालून सरळ करत होत्या आणि हात बाहेर घेत होत्या. मी दोन मिनिटं तशीच बघत उभी होते. त्यांच्या हाताला छान लय होती. मग माझ्या लक्षात आलं की दार सुतळीने वर बांधलेलं आहे.

दार उघडं होतं आणि जबडा चालू होता.

"दीदी, हाथ!" मी ओरडले.

त्या हसल्या. "कुछ नहीं होता जी. मुझे इसकी चाल पता है." त्या ओठातल्या ओठात मोजत होत्या. एक, दो, तीन. तीनला हात बाहेर. मग जबडा.

"दरवाज़ा खोलने पे ये बंद नहीं होती?"

"ये? ना जी. ये तो बड़ी सीधी मशीन है." त्यांनी हनुवटीने शेजारच्या जुन्या मशीनकडे खूण केली. "नखरे तो उसके हैं. दरवाज़ा ज़रा-सा खुला कि बंद. फिर साहब की सुनो."

मी लाल बटण दाबलं. शेडमधला आवाज निम्मा झाला आणि सगळे वळून बघायला लागले.

पॅनल उघडलं. कंट्रोलरवर दाराच्या स्विचचा दिवा विझलेला होता. म्हणजे स्विच इमानदारीने सांगत होता, की दार उघडं आहे. तार ठीक होती. बातमी कंट्रोलरच्या दारापर्यंत येऊन उभी होती. लॅपटॉप लावून जबड्याचा ब्लॉक काढला. 'दार बंद आहे' ही पिन रिकामी. सहकाऱ्याने बिनदाराच्या मशीनचा प्रोग्रॅम उचलून इथे आणला होता, आणि ती पिन जोडायची राहून गेली होती. त्याला दोष देता येत नव्हता. प्रोग्रॅम उचला, लागेल तेवढं जोडा, बाकी सोडून द्या, हे त्याला मीच शिकवलं होतं. विसरला असता तर पूर्वी मशीन चाललंच नसतं आणि चूक पहिल्या मिनिटाला कळली असती. आता विसरलेलं मशीन जास्त चांगलं चालत होतं.

नीट विचार केला तर दाराच्या स्विचने जबड्याची वीजच तोडायला हवी, प्रोग्रॅमला विचारायची वेळच येऊ नये. मोठ्या मशिनांत तसं असतंही. लहान मशिनांत तेवढं सामान वाचवतात. आमच्याकडेही वाचवलं होतं. म्हणजे त्या बाईंचा हात आणि तो जबडा यांच्यामध्ये माझ्या एका शब्दाशिवाय काहीच नव्हतं, आणि तो शब्द खोटा होता.

मी पिन जोडली. माउसने एक रेघ ओढली, झालं. सुतळी सोडली, मशीन चालू केलं, दार उघडलं. जबडा अर्ध्यावर थांबला.

बाईंनी तीनदा दार उघडून पाहिलं. तीनदा मशीन थांबलं. त्यांचा चेहरा उतरला. "अच्छी-भली मशीन थी, दीदी. आपने बिगाड़ दी." त्या थट्टा करत नव्हत्या. मागून सुपरवायझर आला. "मैडम, हमने तो इसकी शिकायत की ही नहीं थी."

मी ऑफिसात परतले तेव्हा सर उन्हाचा कवडसा शोधत अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"और कितनी मशीनों में?"

"पता नहीं, सर. कुठे पिन जोडली, कुठे नाही, याची नोंद आपण ठेवतच नाही." घाबरले की मी अर्धं मराठीत बोलते, त्यांना सवय आहे.

त्यांनी खुर्ची थोडी सरकवली. मग म्हणाले, "सर्विस पे जहाँ-जहाँ जाएँगे, चुपचाप जोड़ आएँगे. छह महीने में सब हो जाएगा. चिट्ठी मत लिखना किसी को. चिट्ठी पहुँची तो सब एक ही दिन में मशीनें बंद करेंगे, और फिर हम बंद. चालीस घर चलते हैं यहाँ से, कॉम्रेड."

मी हो म्हटलं.

हेही लिहायला हवं. मी हो म्हटलं, आणि अकरा दिवस काही केलं नाही. चालीस घर, हे मी स्वतःला सांगत राहिले. खोटं नव्हतं ते. माझं घरही त्यातलंच.

त्या अकरा दिवसांत धुकं हटलं नाही. खरडहून येणाऱ्या बसच्या पुढच्या काचेतून दोन हातांवरचं दिसत नसे, ड्रायव्हर अंदाजाने चालवायचा आणि आम्ही सगळे तो अंदाज बरोबर आहे असं धरून बसायचो. ऑफिसचा फोन वाजला की मी दुसऱ्या कुणी तो उचलायची वाट बघायचे. कुणी नवं मागणं सांगायला फोन करायचं, कुणी स्तुती करायला. स्तुती आली की जास्त भीती वाटायची. आणि कानात सारखं चालायचं, एक, दो, तीन. जिना चढताना, दात घासताना. छह महिने. इतक्या दिवसांत एखाद्या हाताची लय एकदा तरी चुकेलच. ताप आला असेल, रात्री मूल रडलं असेल, कुणी हाक मारली असेल.

माझी खोलीतली मैत्रीण लातूरची. सेक्टर ३४ मध्ये क्लासला जाते, परीक्षेची तयारी करते. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाली, "काय गं, तब्येत बरी आहे ना? तीन दिवस झाले, एकही भाषण नाही. मेसवाल्याला तरी काहीतरी बोल."

"काही नाही. काम आहे."

"काम तर रोजच असतंय की. तोंड कधी बंद नव्हतं तुझं."

अकराव्या दिवशी रविवार होता. दुपारी अण्णांचा फोन आला. ते आता निवृत्त आहेत, पण पाळी सुटून आलेल्या सोबत्याला विचारावं तसं माझ्या कामाबद्दल विचारतात. "मग? कुठवर पोचले तुझे ब्लॉक?"

मला वाटलं होतं मी सांगणार नाही. पण सांगितलं. दार, पिन, तो एक शब्द, सुतळी. सर काय म्हणाले तेही.

मग अण्णा म्हणाले, "म्हणजे आपण तारेने बांधायचो, ते तू आतून बांधलंस."

"अण्णा, मुद्दाम नाही केलं."

"तेव्हाही कुणी मुद्दाम नव्हतं केलं, बाळा." मग म्हणाले, "काका इथंच बसलेत. चहाला आलेत. देऊ का फोन? त्यांनाच सांग, सहा महिन्यांत होऊन जाईल म्हणून."

"नको," मी म्हटलं.

"का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग कुणाला सांगणार आहेस?" अण्णांनी विचारलं. आवाज अजिबात चढवला नव्हता. चढवला असता तर मी भांडले तरी असते.

फोन ठेवला आणि कागद घेतला. हिंदीत एक पान लिहिलं. लिहून झाल्यावर मैत्रिणीला अभ्यासावरून उठवलं आणि वाचून दाखवलं. प्रत्येक वाक्याला विचारलं, कळलं का? ती म्हणाली, "हे 'सॉफ़्टवेयर में त्रुटि' काय आहे? सरळ लिही ना, आमची चूक आहे म्हणून." मी ते कापलं. शेवटी उरलं ते असं होतं, की आमच्या मशीनमध्ये आमच्या चुकीमुळे दार उघडं असतानाही जबडा चालू राहू शकतो. आज, आत्ता, हात लांब ठेवून दार उघडून बघा. थांबलं नाही तर मशीन बंद ठेवा आणि आम्हाला बोलवा. तोवर कुणाचाही हात आत जाऊ देऊ नका.

सोमवारी सकाळी तो कागद सरांपुढे ठेवला. "हे मी आज सगळ्यांना पाठवणार आहे. तुमच्या सहीने गेलं तर बरं. नाही तर माझ्या."

त्यांनी चष्मा लावला. दोनदा वाचलं. मला वाटलं, आता कागद फाडतील किंवा मला काढतील. त्यांनी पेन काढून दोन ओळी सुधारल्या. "इतने साल हो गए, हिंदी अब भी नासिक वाली है तेरी." सही मात्र केली नाही. उठून कपाटाकडे गेले, आणि मशिनं कुठे कुठे पाठवली त्याचं रजिस्टर माझ्यासमोर टाकलं. म्हणाले, "लिस्ट मेरे पास भी नहीं है. इसी में ढूँढ. और डेराबस्सी वाली मुझे दे दे, मैं ख़ुद जाता हूँ."

पत्र माझ्या सहीने गेलं.

पुढचे तीन आठवडे कसे गेले ते आठवत नाही. रजिस्टरात जबड्याची तेवीस मशिनं निघाली. एकेकाला फोन, एकेका ठिकाणी फेरी. सहा मशिनांत पिन रिकामी सापडली. सहाही ठिकाणी मशीनची स्तुती होती. दोन ग्राहकांनी आमच्याशी काम थांबवलं. एकाने वेगळंच मागणं केलं. "मैडम, हमारे यहाँ वो पुराना वाला प्रोग्राम ही रहने दो. लिख के दे देते हैं, ज़िम्मेदारी हमारी." मी त्याला विचारलं, जो हात आत जाईल तोही लिहून देणार का? त्याने फोन ठेवला. तो नंतर दुसऱ्या कुणाकडून तसं करून घेईल, हे मला माहीत आहे. हात कुणाचा, हे त्याच्या लिहून देण्यात कुठेच नव्हतं.

बिनदाराच्या मशीनसाठी वेगळा ब्लॉक मी लिहिला. खरंच एक दिवस लागला. आता रिकामी पिन म्हणजे 'नाही'. विसरलात तर मशीन हलणारच नाही.

तेवीसपैकी बावीस झाली. एक राहिलं.

ते मशीन डेराबस्सीच्या एका कारखान्यात गेलं होतं. सर तिथे पोचले तेव्हा गेटला कुलूप होतं. कारखाना आधीच्याच दिवाळीत बंद पडला होता आणि सामान जुनी मशिनं घेणाऱ्या एका व्यापाऱ्याने उचललं होतं. त्याचा नंबर मिळवायला आणखी दोन आठवडे गेले. फोन मी केला.

"वो नीली वाली? वो तो कब की गई, मैडम. बढ़िया चलती थी, इसलिए झट से उठ गई."

"कहाँ गई?"

"महाराष्ट्र. नासिक... या भिवंडी. पक्का याद नहीं. एक ट्रक में चार मशीनें थीं, आगे से आगे बिक गई होगी."

घेणाऱ्याचं नाव त्याच्याकडे नव्हतं. ट्रकवाल्याचं तर नव्हतंच. मी पुढे बरंच शोधलं, काही हाती लागलं नाही. एवढंच कळलं, की ते चांगलं चालतं. म्हणजे त्याची पिन रिकामी असणार.

अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी पत्रक काढायला त्या पत्राचा मजकूर मराठीत करून मागितला. या वेळी मीच वाक्यं वाचली आणि त्यांनी विचारलं, "कळलं का तुला तरी?" आता रोज सकाळी सातपूर आणि अंबडच्या एखाद्या गेटवर ते दोघं उभे असतात, अण्णा आणि काका. काका पत्रक अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत धरून पुढे करतात. अण्णा म्हणतात, लोक घाईत असतात, बघत नाहीत कागदाकडे. पण त्या हाताकडे बघतात, आणि मग कागद घेतात. अजून ते मशीन सापडलेलं नाही. दोन माणसं किती गेटांवर उभी राहणार? भिवंडीला तर त्यांचं कुणी नाही.

म्हणून हे मी मराठीत लिहिते आहे. इथे चंदीगडला बसून, धुकं गेलेलं आहे आणि ऊन चांगलं पडलंय, तरी कानात मोजणं थांबलेलं नाही. ते मशीन निळं आहे. पुडे चिकटवणारं, समोर पारदर्शक दार, बाजूला लहान स्क्रीन. रंग बदललाही असेल. कदाचित ते आत्ता या क्षणी चालू आहे आणि समोर कुणीतरी ओठातल्या ओठात मोजतंय. ती व्यक्ती तुम्ही असाल. तुमच्या घरातून सकाळी डबा घेऊन बाहेर पडलेलं कुणी असेल. आणि माझं मशीन सापडलं तरी, माझ्यासारख्या आणखी कितीजणांनी एक दिवस वाचवायला एक शब्द बदलला असेल, ते मला माहीत नाही.

तर एवढं करा. उद्या पाळी सुरू होताना, मशीन रिकामं चालवा, दोन पावलं लांब उभे राहा, आत काहीही घालू नका, आणि दार उघडा. थांबलं तर त्या दिवसाची तारीख कागदावर लिहून मशीनला चिकटवा, म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा बघायची आठवण राहील. तुम्ही कारखान्यात जात नसाल तर जो जातो त्याला आज रात्रीच्या जेवणाला हे विचारा, आणि 'थांबणारच की' हे उत्तर घेऊ नका. आणि दार उघडूनही मशीन चालू राहिलं, तर लाल बटण दाबा, कुणी ओरडलं तरी ओरडू द्या, आणि पुढच्या पाळीला जो त्या जागी उभा राहणार आहे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय तिथून घरी जाऊ नका.